डोंगराचा शेजार

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण प्रत्येक मराठी कुटुंबात केव्हा ना केव्हा उच्चारली जाते. तिच्यात खर्चाची धास्ती आहे, दगदगीची कबुली आहे. परंतु घर कोठे बांधावे याविषयी तिने मौन पाळले आहे. कारण उघड आहे. म्हण रूढ झाली त्या काळी बहुतेकांची जागा आधीच ठरलेली असे, आणि ती म्हणजे वाडवडिलांचे गावठाण. त्या गावठाणाची पारख अनेक पिढ्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे काढून केलेली असे. आज पुण्या-मुंबईचा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी मोटारीने जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात जातो, हिरवागार डोंगर व त्याच्या पायथ्याचा जमिनीचा तुकडा पाहून हरखतो, आणि पिढ्यांनी केलेले ते काम एका दुपारीत उरकू पाहतो.

या दोन तालुक्यांची ठेवण प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. पश्चिमेस सह्याद्रीची ऐन धार. तेथे पाऊस कोसळतो, भातशेती होते. पूर्वेस नारायणगाव व मंचरच्या बाजूस जमीन सपाट होत जाते, पाऊस उणावतो, आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस व भाजीपाला डोलतो. एकाच तालुक्यात जणू दोन देश नांदतात. म्हणून 'जुन्नरकडे घर घ्यावयाचे आहे' एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या बाजूस, हे ठरले की मग कोणत्या शेजाऱ्याशी गाठ पडणार हेही ठरते.

पश्चिमेकडील शेजारी म्हणजे डोंगर. तो काय करू शकतो हे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाने दाखविले. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, गावामागील डोंगराचा उतार सुटला आणि चाळीसहून अधिक घरे माती-दगडांच्या लोंढ्याखाली गाडली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरच्या जगाला ही वार्ता प्रथम कळली ती एस. टी.च्या एका चालकामुळे. नित्याप्रमाणे गाडी घेऊन तो आला, तो गाव जेथे असावयाचे तेथे गाव दिसेना! लोंढ्याच्या वाटेबाहेर असलेली शाळेची इमारत तेवढी शाबूत राहिली. म्हणजे त्याच गावात, त्याच पावसात, थोड्या अंतराने नशीब पालटले.

असे का घडते? सह्याद्री काळ्या पाषाणाचा खरा, पण त्या पाषाणावर झिजून तयार झालेल्या मुरमाचा व मातीचा थर बसलेला असतो. कित्येक दिवस संततधार लागली की हा थर पाणी पिऊन जड होतो. खालच्या कातळात पाणी सहजी मुरत नाही. ते दोहोंच्या सांध्यावर साचते, मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल करते, आणि मग सारा थर खाली घसरतो. उतार तोडून सपाट केला, झाडे काढली, पाण्याच्या जुन्या वाटा बुजविल्या, की ही क्रिया सुलभ होते. डोंगरउतारावर भातखाचरे काढण्याच्या कामास त्या भागात पडकई म्हणतात. हाताने, गावकीच्या श्रमांनी होणारी पडकई आणि यंत्रांनी एका दमात केलेले सपाटीकरण यांत फरक किती, यावर माळीणनंतर पुष्कळ वाद झाला. सारा दोष त्या गरीब शेतकऱ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे आहे. पावसाचा व उताराचा वाटा कोणी नाकारू शकत नाही. पुढे रायगड जिल्ह्यात २०२१ साली तळिये येथे आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथेही डोंगर वस्तीवर आलाच.

डोंगर बहुधा आगाऊ सूचना देतो. उतारावर लांब भेगा पडतात. झाडांचे बुंधे खालच्या बाजूस कलतात. बारमाही झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, तर भलत्याच ठिकाणी नवा फुटतो. घराची दारे चौकटीत अडकू लागतात. जागा घेऊ इच्छिणाऱ्याने घराची पायाभरणी पाहण्याआधी मान वर करून हे पाहावे. डोंगरच टाळावा असा याचा अर्थ नव्हे. जुन्नरच्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू डोंगरातच राहिले; पण लेण्याद्रीला त्यांनी निवडला तो अखंड कातळ, सुटी माती नव्हे, आणि पाण्यासाठी त्याच कातळात टाकी खोदली.

माळीणच्या कथेचा उत्तरार्धही जाणण्याजोगा आहे. वाचलेल्या कुटुंबांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये घरे त्यांच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षी जूनमधील पहिल्याच जोरदार पावसात तेथील रस्ते खचले, भिंतींना तडे गेले, आणि एकदा डोंगराने घर गिळलेल्या त्या माणसांच्या पोटात पुन्हा गोळा उठला. उतार कापून व भराव घालून तयार केलेली जमीन पावसाळे खाल्ल्यावाचून बसत नाही. म्हणून नव्या वसाहतीतील भूखंड कापलेल्या बाजूस आहे की भरावावर, आणि पावसाचे पाणी कोणत्या वाटेने निघून जाते, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरा शेजारी पाणी. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. धरणाकाठचे रम्य दृश्य पाहून जागा घेणाऱ्याने नदीच्या पूररेषा कोठून जातात ते पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पाहावे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, आणि निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात.

पूर्वेकडे डोंगराचे भय नाही, पण तेथे तिसरा शेजारी आहे: बिबळ्या. स्थानिक लोक त्याला सरसकट 'वाघ'च म्हणतात. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस वाढला. वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या दाट उसात बिबळ्याला आडोसा मिळाला, आणि वस्त्यांवरील कुत्री व शेळ्या हे त्याचे भक्ष्य झाले. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडणे ही येथे नवलाई राहिलेली नाही. माणिकडोह येथे बिबळ्यांसाठी निवारा केंद्र आहे. त्यांना धरून दूर नेऊन सोडले म्हणजे प्रश्न मिटेल, अशी समजूत एके काळी होती. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात मात्र अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे आढळून आले. तेव्हा मळ्यात घर घेणाऱ्याने बिबळ्या येणारच असे धरून चालावे. उसाचा फड भिंतीला लागून नसावा, गोठा बंदिस्त असावा, शौचालय घरात असावे, अंगणात उजेड असावा, आणि तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये.

शेजार पारखून घेण्याचा एक उत्कृष्ट नमुना नारायणगावजवळच आहे. खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. आकाशातून येणारे क्षीण रेडिओतरंग टिपावयाचे, तर भोवती मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी हवा. तशी जागा शास्त्रज्ञांनी हेरून घेतली. वापर कशासाठी हे आधी ठरले, जागा मागाहून. सामान्य गृहस्थाचा क्रम बहुधा उलटा असतो.

राहिला कागदांचा विषय. सातबारा व फेरफार तलाठ्याकडून ताडून घ्यावेत आणि जमीन अकृषिक झाली आहे की नाही ते पाहावे. पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आदी आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार पूर्वपरवानगीवाचून त्या बिगर-आदिवासीस विकत घेता येत नाहीत. 'परवानगीचे पुढे पाहू' असे सांगणारा मध्यस्थ भेटल्यास तेथूनच माघारी फिरावे. आणि हे सर्व ठीक निघाले तरी विसार देण्यापूर्वी ती जागा एकदा आषाढात, पाऊस कोसळत असताना, पायी हिंडून पाहावी. हिवाळ्यात ज्या ओढ्याची नुसती रेघ दिसते तो तेव्हा कोणाच्या अंगणातून वाहतो, हे शेजारच्या घरातील म्हातारी न विचारताही सांगते.