ऐपत, पत आणि निधीचा पुरावा

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ‘त्या घराची ऐपत आहे’ असे कोणी म्हटले, म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांसमोर प्रथम जमीन येते; मग विहीर, गोठा, बांधलेले घर आणि त्या घराने आजवर पाळलेला व्यवहार. ‘ऐपत’ या शब्दात मालमत्ता आहे, आणि ती ओळखणाऱ्या शेजाऱ्यांची साक्षही आहे. ‘पत’ हा शब्द त्याहून एक पाऊल पुढे जातो. हाती पैसा नसला तरी मागितल्यास मिळेल, हा विश्वास म्हणजे पत. परदेशी विद्यापीठात शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे व्हिसाच्या अर्जासोबत जो ‘निधीचा पुरावा’ मागितला जातो, तो मात्र ऐपतीचाही नव्हे आणि पतीचाही नव्हे. या तीन कल्पनांतील भेद न उमगल्यामुळे सुस्थितीतील घरातल्या मुलाचाही अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणून हा भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल ब्रिटनचा नियम घेऊ. तेथील अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही व त्याच्या गावाची चौकशीही करीत नाही. त्याच्यापुढे चारच प्रश्न असतात : रक्कम किती, कोणाच्या नावे, किती दिवस आणि कोठे ठेवलेली?

पहिला प्रश्न रकमेचा. पहिल्या वर्षाचे राहिलेले शिक्षणशुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च एवढी रक्कम दाखवावी लागते. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार हा निर्वाहखर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ व १०,५३९ पौंड होतात. ही रक्कम रोख अथवा ताबडतोब काढता येण्याजोगी हवी. शेत, घर, सोने किंवा समभाग यांची किंमत यात धरली जात नाही. सातबाराचा उतारा आणि त्याच्या आधारे तहसील कार्यालयातून मिळणारा ऐपतीचा दाखला आपल्याकडे जामीनकीस वा ठेक्यास उपयोगी पडतो. येथे त्याने ही अट पुरी होत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. रक्कम अर्जदाराच्या, अथवा त्याच्या आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे असावी लागते. आईवडिलांचा पैसा असल्यास जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. एकत्र कुटुंबात व्यवहार बहुधा आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या हाती असतो, आणि पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च काकांनी करणे यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण काका हे नाते या नियमाच्या कक्षेत येत नाही. काकांना खर्च करावयाचा असेल, तर ती रक्कम वेळीच आणि कायमची मुलाच्या वा त्याच्या आईवडिलांच्या खात्यात आली पाहिजे.

तिसरा प्रश्न मुदतीचा. रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी आणि त्या काळात एक दिवसही शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली जाऊ नये. शिवाय २८ दिवसांची ही मुदत संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज व्हावा लागतो. दिसावयास ही अट सौम्य आहे. परंतु सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गांसाठी अर्ज करण्याचे दिवस जून ते ऑगस्टमध्ये येतात, आणि कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे खाते वर्षभरात सर्वांत रिकामे असते ते नेमके याच दिवसांत. पैसा बियाण्यात, खतात व मजुरीत गेलेला असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते आणि कापसाची वेचणी त्यानंतरही चालू राहते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत काही अभ्यासक्रम जानेवारीतही सुरू होतात. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाने त्यांचा विचार अवश्य करावा.

चौथा प्रश्न ठिकाणाचा. ज्या संस्थेत पैसा आहे ती त्या देशाच्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असावी, तिच्याकडून खातरजमा करता यावी आणि तिचे दप्तर संगणकीय असावे, असा दंडक आहे. विदर्भात सहकारी पतसंस्थांचा प्रसार मोठा आहे. ‘पत’ हा शब्द नावातच मिरविणारी ही संस्था सहकारी कायद्याखाली नोंदलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी बँक ती नव्हे. म्हणून पतसंस्थेतील ठेव व्हिसाच्या कामी गृहीत न धरता ती वेळेपूर्वी एखाद्या बँकेत हलविणे श्रेयस्कर.

इतर देशांच्या रीती वेगळ्या असल्या, तरी रोख काय ते एकच आहे. जर्मनीत विद्यार्थ्याच्या नावे एक गोठविलेले खाते उघडून त्यात वर्षाची रक्कम आगाऊ भरण्याची पद्धत आहे. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यात आली. तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्याच्या हाती पडतात. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठी दाखवावयाची निर्वाहाची रक्कम १ जानेवारी २०२४ रोजी १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ डॉलर झाली. हे आकडे वारंवार बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला आकडा त्या त्या सरकारच्या अधिकृत पत्रकातूनच घ्यावा.

खात्यात एवढा पैसा नसेल तर शैक्षणिक कर्ज हा सरळ मार्ग आहे. मान्यताप्राप्त बँकेने विद्यार्थ्याच्या नावे मंजूर केलेल्या कर्जाचे पत्र ब्रिटनमध्ये ग्राह्य धरले जाते आणि त्याला २८ दिवसांची अट नाही. मात्र ते पत्र अर्जापूर्वी सहा महिन्यांच्या आतील असावे. परंतु येथेही जमीन आडवी येते. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील तारणहक्क त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी हातची जाऊ नये, हा त्याचा लाभ. पण याच कारणाने मोठ्या शैक्षणिक कर्जास तारण म्हणून शेतजमीन घेण्यास बँका सहसा राजी नसतात आणि घर किंवा अकृषक भूखंड मागतात. दहा एकरांचा धनी तारणाविना राहतो आणि तालुक्याच्या गावी लहानसे घर असलेल्या नोकरदाराचे कर्ज मंजूर होते, याचे इंगित येथे आहे.

ज्यांच्याकडे जमीनही नाही आणि घरही नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीचे पत्र हाच निधीचा पुरावा. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे येथील राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकावयास गेले. शासन अथवा विद्यापीठ संपूर्ण खर्च उचलते, तेव्हा घरच्या खात्यातील शिल्लक गौण ठरते.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण भाषांतर द्यावे लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, दिनांक, भाषांतरकाराचे नाव, सही व संपर्काचा पत्ता असावा लागतो. येथे खरी अडचण नावांची. देवनागरीत ‘ज्ञानेश्वर’ एकाच प्रकारे लिहिले जाते. पण रोमन लिपीत त्याचा आरंभ कोणी मराठी उच्चाराप्रमाणे ‘द्न्य’ असा करतो, तर कोणी हिंदी वळणाने ‘ग्य’ असा. खुद्द जिल्ह्याचे नाव ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ असे दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. जन्मदाखल्यावरील वडील आणि बँकेच्या खात्यावरील वडील एकच आहेत, हे गावात कोणास सांगावे लागत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र ते अक्षरांवरूनच ठरवावे लागते. म्हणून पारपत्रातील लेखन प्रमाण मानून बाकीचे कागद अगोदरच दुरुस्त करून घ्यावेत.

या अटींना कंटाळून महिनाभरासाठी हातउसनी रक्कम खात्यात ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यात दुहेरी धोका आहे. बनावट कागद वा फसवणूक उघडकीस आल्यास ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. आणि उघडकीस न आल्यास उसनी रक्कम परत जाते. मग परक्या शहरात भाड्याचा व जेवणाचा प्रश्न त्या मुलापुढे एकट्यापुढे उभा राहतो. निधीचा पुरावा अधिकाऱ्याच्या समाधानापुरताच नसतो. वर्षभर शिकता येईल की नाही, याचा तो कुटुंबाने स्वतःशी मांडलेला हिशोबही असतो. ऐपत गावाला ठाऊक असते आणि पत व्यवहारातून वाढते. पण या दोहोंचे रूपांतर योग्य नावाच्या खात्यात, योग्य वेळी, वाचता येईल अशा कागदावर करावे लागते. त्याची तयारी प्रवेशपत्र हाती आल्यावर करू गेल्यास उशीर होतो. ती निदान एक हंगाम आधी सुरू झाली पाहिजे.