वाढत्या माहितीसाठी डिस्कची पूर्वआखणी

शासकीय कार्यालयांना ‘सहा गठ्ठा पद्धती’ नवीन नाही. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद वेगवेगळे ठेवले, म्हणजे एका गठ्ठ्याच्या वाढीमुळे दुसऱ्याचे काम अडत नाही. कार्यालयातील सर्व्हरच्या डिस्कलाही हाच नियम लागू पडतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीचा पाया घातला. तिच्या धर्तीवर १९९१ साली निर्माण झालेली लिनक्स प्रणाली आज असंख्य सर्व्हरवर वापरली जाते. या प्रणालींत डिस्कचे स्वतंत्र विभाग पाडता येतात. ‘रूट’ विभागात मूळ प्रणाली, ‘होम’मध्ये कर्मचाऱ्यांच्या संचिका आणि ‘व्हार’मध्ये सतत वाढणाऱ्या नोंदी राहतात. हे सारे एकाच विभागात ठेवल्यास वाढत्या नोंदी सर्व जागा व्यापतात आणि मूळ प्रणालीलाही लिहावयास जागा न उरल्याने कामकाज ठप्प होते.

म्हणून आखणीपूर्वी हिशेब मांडावा. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. समजा, प्रत्येक तालुक्यातून रोज ५०० पानांच्या प्रतिमा जमा झाल्या आणि एक पान १०० किलोबाइटचे धरले, तर दिवसाला ८०० मेगाबाइट, वर्षाच्या २५० कार्यदिवसांत २०० गिगाबाइट आणि पाच वर्षांत १ टेराबाइट जागा लागेल.

तथापि, सर्व जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नये. ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ पद्धतीत काही जागा राखीव ठेवून ती गरजेनुसार विभागास जोडता येते; नवी डिस्कही सामील करता येते. विभाग वाढविणे सुलभ असते, लहान करणे मात्र जोखमीचे. विभाग ८० टक्के भरताच सूचना मिळावी, अशी व्यवस्थाही असावी. मात्र विभागणी म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क बिघडल्यास तिच्यावरील सर्वच विभाग जातात. म्हणून दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे अत्यावश्यक होय.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी दाखला मागणाऱ्या दारव्ह्याच्या किंवा वणीच्या कापूस उत्पादकाला डिस्कशी कर्तव्य नसते. त्याला कागद वेळेवर हवा असतो, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. डिस्कच्या आखणीचे खरे प्रयोजन हेच आहे.