बोगनवेलीला आज पाणी नको

सकाळी ६.३०
पुणे-सोलापूर महामार्गावर सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांच्या पाट्या संपत नाहीत. त्यांतलीच ही एक. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. इथं कामाला असलेल्या मावशी आल्या आल्या मोटर लावतात. लाइट साडेआठला जाणार, तोवर सगळ्या पिशव्या भिजायला हव्यात. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, अंगात पुरुषी शर्ट, हातात पाइप. पाइपाच्या तोंडाला झारी लावलेली. भरधार सोडली तर पिशवीतली माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात. जास्वंद, एक्झोरा, तगर, मधुकामिनी, ओळीनं पाणी पडत जातं.

सकाळी ७.१५
बोगनवेलीपाशी पाइप बाजूला ठेवला जातो. मावशी वाकतात, एक पिशवी तळाला धरून उचलतात, ठेवतात. दुसरी उचलतात. माती सुकली की पिशवी हलकी लागते. पानं अजून तरतरीत आहेत. "ह्यांना आज नको." शेजारची एक मात्र मान टाकायला लागलीय. तिला अर्धा तांब्या, त्याहून जास्त नाही.

बोगनवेलीला ताण बसला की ती फुलावर येते. भरपूर पाणी आणि युरिया मिळाला तर नुसते फोक आणि पाला. आपण ज्यांना फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. फूल त्यांच्या आत असतं, पांढरं, बारीक नळीसारखं. नव्या पोरानं परवा एका वाफ्यात पाइप फिरवला. आठ दिवसांचा ताण गेला. मावशी रागावल्या नाहीत, पण तो वाफा विक्रीतून मागे पडला.

सकाळी ९.००
पिशव्या भरायचं काम. दोन घमेली लाल माती, एक शेणखत, एक कोकोपीट. फावड्यानं तीनदा खालीवर करायचं, ढेकळं फोडायची. रिकाम्या पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे अंगठ्यानं आत दाबायचे, म्हणजे भरल्यावर ती सरळ उभी राहते. निम्मी भरली की जमिनीवर दोनदा आपटायची. भरणाऱ्या दोघी उक्त्यावर आहेत, पिशवीमागे साठ पैसे. आडवी पडलेली पिशवी मोजत नाहीत.

सकाळी ११.३०
शेडनेटखाली छाट कलमं. उन्हाच्या आत काढलेल्या जास्वंदीच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. वीतभर तुकडा, डोळ्याच्या खाली तिरपा काप. खालची पानं काढून टाकायची, वरची कात्रीनं निम्मी करायची. टोक मुळ्या फुटायच्या पावडरीत बुडवून झटकायचं. आधी काडीनं भोक पाडायचं आणि मग कलम लावायचं, नाहीतर पावडर मातीलाच पुसली जाते. मावशींचे हात बोलता बोलता चालतात. शंभरातली सत्तर लागली तरी त्या खूश.

दुपारी १.००
आधी साबणानं हात धुतात, कोपरापर्यंत. सकाळी कण्हेरही छाटलीय आणि तिचा चीक विषारी असतो. मग भाकरी, ठेचा, मटकी. त्यावर तासभर आडवं होणं. ह्या उन्हात कामाला हात लावला तर रोपं आणि माणसं दोन्ही सुकतात.

दुपारी ३.३०
रस्त्याच्या ठेकेदाराचा टेम्पो आला. दुभाजकासाठी कण्हेर हवी, चारशे नग. तिला पाणी कमी लागतं आणि जनावर तोंड लावत नाही. मालक वीस म्हणतात, ठेकेदार पंधरा. अठराला तुटतं. भरायला मावशी आणि दोघी. पिशवी खालून धरायची, रोप खोडाला धरून उचलायचं नाही. खोड हिसकलं की बारीक मुळ्या तुटतात, आणि ते चार दिवसांनी रस्त्यावर कळतं. टेम्पोची हमाली तीनशे, तिघींत शंभर शंभर.

सायंकाळी ५.००
पुण्याच्या एका सोसायटीची मागणी आहे. मालक विचारतात,
"मावशी, बोगनवेल किती निघंल?"
"दीडशे. बाकीच्यांना आठ दिस लागतील, दादा."
"आठ दिवसांत पाऊस आला तर?"
"मग पाला घ्या."
मालक हसत नाहीत. वळवाची एक सर पडली तरी ताण मोडतो. फूल नसलेली पिशवी चाळीसला जाते, फुलावर आलेली सत्तरला. वरचे तीस रुपये पाणी न दिल्याचे आहेत. पाणी कुणीही देतं. हात आवरता यायला मावशींना इथं कितीतरी उन्हाळे काढावे लागले.

सायंकाळी ५.३०
दीडशे निवडायच्या. मावशी नव्या पोराला पुढं घालतात. तो पिशवी उचलतो, त्या विचारतात, "कशीय?" "हलकी." "पानं बघ." त्यानं बाजूला काढलेल्या दहांतल्या तीन त्या परत वाफ्यात ठेवतात. कळ्यांना रंग आलाय, पण अजून उमललेल्या नाहीत, प्रवासात गळतील. पुढच्या दहांत एकच परत जाते.

सायंकाळी ६.१५
वहीत हजेरी. रोज चारशे, हमाली शंभर. पैसे बाजारच्या दिवशी. सोसायटीच्या दीडशे नगांचा हिशेब त्याच पानावर वरती आहे. मावशी आपली ओळ वाचून घेतात, चपला घालतात आणि पोराला सांगतात, "उद्या तगरीपासनं सुरू कर. बोगनवेलीच्या पिशव्या उचलून बघ, पण पाणी मला विचारून."