इंट्राकॅथ कधी बदलायचं? साहित्य शोधण्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हातावरचं इंट्राकॅथ तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलायचं, हे अनेक सिस्टर शिकतानाच पाठ करतात. पण शीर ठणठणीत असताना रुग्णाला पुन्हा टोचायचं, की लाली, सूज, दुखणं दिसेपर्यंत आहे तेच ठेवायचं? एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी हा प्रश्न झकास आहे. मात्र सिनॉप्सिस लिहायला घेतलं, की 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'पाशी गाडी अडते. तिथे अडवणाऱ्या या काही समजुती.

गैरसमज : विषय टाइप केला, की साहित्य सापडतं.
वस्तुस्थिती : आधी प्रश्नाचे चार भाग पाडा : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. इथे प्रौढ रुग्ण, लक्षणं दिसल्यावर बदल, ठरलेल्या दिवशी बदल आणि फ्लेबायटिस. मग प्रत्येक भागाचे पर्यायी शब्द लिहा. इंट्राकॅथ, व्हेनफ्लॉन ही ब्रँडची नावं. शोधनिबंधांत बहुधा 'पेरिफेरल कॅथेटर' किंवा 'कॅन्युला' असतं. पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडायचे, वेगवेगळे भाग 'ॲंड'ने. पबमेडमध्ये हे दोन्ही कॅपिटल अक्षरांत. पबमेडची 'मेश' ही विषयसूचीही वापरा. अगदी ताज्या लेखांना तिचे शब्द लागलेले नसतात, म्हणून साध्या शब्दांनीही शोधा.

गैरसमज : गूगल स्कॉलर पुरेसं आहे.
वस्तुस्थिती : सुरुवातीला चाचपणी करायला ते ठीक. पण एका शोधाचे हजाराहून जास्त निकाल ते दाखवत नाही, आणि तोच शोध दुसऱ्याने केला तर तीच यादी मिळेल याचा भरवसा नाही. पबमेड मोफत आहे. नर्सिंगची सगळी नियतकालिकं मात्र त्यात नसतात. त्यासाठी सिनाल आहे. त्याला वर्गणी लागते, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. पद्धतशीर आढाव्यांसाठी कॉक्रेन लायब्ररी पाहा.

गैरसमज : पाच वर्षांपेक्षा जुना लेख चालत नाही.
वस्तुस्थिती : ही चाळणी डोळे झाकून लावली, तर आपल्या प्रश्नावरचा कळीचा अभ्यासच गळतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये तीन रुग्णालयांतल्या ३,२८३ रुग्णांवर झालेली चाचणी 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली आली. ठरलेल्या दिवशी बदललं काय किंवा गरजेपुरतं बदललं काय, फ्लेबायटिसचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्केच निघालं. वर्षाची मर्यादा घालायचीच असेल, तर तिचं कारण लिहा.

गैरसमज : आपल्या म्हणण्याला दुजोरा मिळाला, की शोध संपला.
वस्तुस्थिती : लॅन्सेटच्या चाचणीवर थांबलात, तर जिनिव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांतला २०२१ चा अभ्यास हातून निसटेल. तिथे ठरलेल्या दिवशी बदलण्याचा नियम सोडल्यावर रक्तप्रवाहातला जंतुसंसर्ग वाढलेला दिसला. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता, यादृच्छिक चाचणी नव्हे. शिवाय त्यात मोजलेला परिणामही वेगळा होता. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून हा फरक लिहिला, तर तुमच्या संशोधनाची गरज परीक्षकांना आपोआप पटते.

गैरसमज : पूर्ण लेखाला पैसे पडतात, त्यामुळे गोषवाऱ्यावर भागवायचं.
वस्तुस्थिती : फ्लेबायटिस कशाला म्हटलं, दिवसातून किती वेळा पाहिलं, हे गोषवाऱ्यात अनेकदा सापडत नाही. आणि नेमकं त्यावरच आकडे ठरतात. पबमेड सेंट्रलवर असंख्य लेख पूर्ण आणि मोफत आहेत. २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनाही सुरू झाली आहे. लेखकाला ईमेल केली, तर अनेकदा प्रत मिळते.

गैरसमज : एआयने दिलेले संदर्भ तसेच उतरवले तरी चालतात.
वस्तुस्थिती : खऱ्या वाटणाऱ्या शीर्षकाचा, पण अस्तित्वातच नसलेला लेख ही साधनं सहज रचतात. शब्द सुचवायला ती वापरा. संदर्भ मात्र पबमेडवर किंवा डीओआय क्रमांकाने स्वतः पडताळा.

शोध घेतानाच एका वहीत तारीख, डेटाबेस, वापरलेले शब्द, लावलेल्या मर्यादा, मिळालेले लेख आणि वगळलेल्यांचं कारण टिपत जा. शेवटी आठवून लिहायचं म्हटलं, तर ते जमत नाही. गाइड मॅडमनी त्या वहीवरून शोध पुन्हा केला आणि तेच लेख हाती आले, तर तुमचा शोध भक्कम आहे.