टीका, ध्येयनिष्ठा आणि विवेक : महर्षी कर्वे यांच्या कार्याच्या संदर्भात

बीजशब्द : टीका, ध्येय, कार्यपद्धती, स्त्रीशिक्षण, आत्मपरीक्षण

प्रस्तावना

एखादे ध्येय मनाशी धरून जो चालू लागतो, त्याच्या वाट्याला टीका येतेच. टीकेने खचून काम सोडणे किंवा तिच्याकडे पाठ फिरवून हट्टाने पुढे जाणे, हे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा मार्ग भारतीय शास्त्रचर्चेच्या परंपरेत आढळतो. तेथे स्वतःचा सिद्धान्त प्रस्थापित करण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडावे लागते. त्यातील ग्राह्य काय आणि त्याज्य काय हे ठरल्यावरच उत्तरपक्षाला अर्थ येतो. हीच दृष्टी प्रत्यक्ष जीवनात कशी उपयोगी पडते, याचे विवेचन महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्या कार्याच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे.

१. व्यक्तीवरील टीका

प्रथम पत्नीच्या निधनानंतर कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि ‘बाया’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. नवविवाहित दांपत्य कोकणातील मुरूड या गावी गेले, तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ कर्वे यांच्या वृद्ध आईला आणि भावंडांनाही बसली.

या टीकेचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. विधवेचे जीवन सुसह्य कसे करावे, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर तिच्यात नव्हते. तिचा रोख फक्त व्यक्तीवर होता. अशा टीकेतून शिकण्यासारखे फारसे नसते आणि तिला उत्तर देत बसण्यात शक्तीचा अपव्यय होतो. कर्वे यांनी वादविवादात वेळ घालवला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीची स्थापना केली. निंदेला उत्तर द्यायचेच असेल तर ते कामातून द्यावे, असा त्यांचा स्वभाव होता. तथापि ‘व्यक्तीवरील टीका सोसावी’ असे म्हणणे सोपे असले, तरी ती सोसण्याचा भार पुष्कळदा ध्येयवादी माणसाच्या घरच्यांवर पडतो, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

२. कार्यपद्धतीवरील टीका

पुनर्विवाहाच्या कामात काही काळ घालवल्यावर कर्वे यांना एक मर्यादा जाणवली. पुनर्विवाहास तयार होणाऱ्या विधवा थोड्या होत्या. शिक्षणाची आणि स्वावलंबनाची गरज मात्र बहुसंख्य विधवांना होती. या विचारातून १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि पुढे तो हिंगणे येथे स्थिरावला. परंतु पालकांच्या मनात भीती होती. १८९३ मध्येच शारदा सदनावर धर्मांतराचा आक्षेप येऊन अनेक मुली तेथून काढून घेण्यात आल्या होत्या. स्वतः पुनर्विवाह केलेल्या गृहस्थाच्या आश्रमात मुलगी पाठवली, तर तिचाही पुनर्विवाह लावला जाईल, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते.

येथे कर्वे यांचे वेगळेपण दिसून येते. ही शंका प्रतिगामी म्हणून त्यांनी झटकून टाकली नाही. त्यांनी आश्रमाचे कार्य पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे केले, आश्रमाचा हेतू शिक्षणापुरता ठेवला आणि स्वतःही पुनर्विवाहाच्या कामातून क्रमाने बाजूला झाले. विधवेला स्वतःच्या पायावर उभे करणे हे ध्येय कायम राहिले, मार्ग तेवढा बदलला. या निर्णयामुळे काही सुधारक मात्र नाराज झाले आणि आता टीका दुसऱ्या बाजूने येऊ लागली. एका बाजूच्या टीकेला मान देताना दुसऱ्या बाजूची टीका ओढवून घ्यावी लागते, हा अनुभव संस्थात्मक काम करणाऱ्या प्रत्येकास येतो. अशा वेळी कोणाचे समाधान झाले यापेक्षा ज्यांच्यासाठी काम आहे त्यांचे हित कशात आहे, हा निकष अधिक विश्वसनीय ठरतो.

३. ध्येयावरील टीका

१९१५ मध्ये मुंबई येथील सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका या कल्पनेच्या मुळाशी होती. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी हा अनिवार्य विषय आणि गृहजीवनाशी संबंधित विषयांना स्थान, ही त्याची वैशिष्ट्ये होत. स्वतंत्र विद्यापीठाची गरजच काय, त्याचा दर्जा टिकेल काय, शासनमान्यता नसलेल्या पदवीचा उपयोग काय, असे आक्षेप घेतले गेले.

हे आक्षेप पोकळ नव्हते. मान्यतेचा प्रश्न तर दीर्घकाळ सुटला नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. वैधानिक मान्यता मात्र १९५१ मध्ये प्राप्त झाली. म्हणजे सुमारे ३५ वर्षे एक खरा आक्षेप सोबत घेऊन हे कार्य चालले. सर्वच टीकेचे तत्काळ निराकरण करता येत नाही. काही आक्षेप मान्य करून, त्यांचे उत्तर काळाच्या ओघात उभे राहील अशी व्यवस्था करावी लागते.

४. जवळच्यांची टीका आणि आत्मपरीक्षण

कर्वे यांच्यावरील सर्वांत मार्मिक टीका त्यांच्या घरातूनच झाली, असे म्हणता येईल. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मिळकत आणि वेळ आश्रमाला वाहिलेल्या पतीच्या संसारात पत्नीला कोणती ओढाताण सोसावी लागली, याचे स्पष्ट चित्र त्यात उमटले आहे. बाया पुनर्विवाहित असल्याने आश्रमाच्या कामात त्यांना मोकळेपणाने स्थान मिळणे कठीण झाले. समाजाच्या टीकेस मान देऊन स्वीकारलेल्या धोरणाची किंमत अशा रीतीने त्यांनाही मोजावी लागली.

दुसरी मर्यादा सामाजिक होती. प्रारंभी आश्रमाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय विधवांपुरता राहिला. सनातनी मनाचा विश्वास मिळवण्याच्या प्रयत्नात समतेचा प्रश्न मागे पडला, हा आक्षेप नाकारता येत नाही. मात्र १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, कर्वे यांनी समता संघाची स्थापना केली. त्या वयातही आपल्या कार्याच्या कक्षा रुंदावण्याची त्यांची तयारी होती, हे यावरून दिसते.

५. अध्यापकीय जीवनाच्या संदर्भात

अध्यापकाचे जीवनही मूल्यमापनाने वेढलेले असते. शोधनिबंधावरील परीक्षकांचे अभिप्राय, विद्यार्थ्यांचे प्रत्याभरण, मूल्यांकन समितीची भेट आणि सहकाऱ्यांची कुजबुज, हे सारे एकाच वेळी कानावर येते. या सर्वांना एकच प्रतिसाद देणे ही खरी चूक होय. परीक्षकाने संशोधनपद्धतीतील उणीव दाखवली असता ती मानहानी समजणे जितके अयोग्य, तितकेच कुजबुजीमुळे संशोधनाचा विषय सोडून देणेही अयोग्य. वर्गात मागील बाकावर ऐकू येत नाही, अशी तक्रार अनामिक असली तरी उपयुक्तच असते. तिच्यामागे कोण आहे याचा शोध घेण्यापेक्षा आवाज वाढवणे हिताचे. टीकाकाराचा हेतू आणि टीकेतील तथ्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हेतू वाईट असूनही तथ्य खरे असू शकते आणि हेतू चांगला असूनही सल्ला चुकीचा असू शकतो.

निष्कर्ष

टीकेचा विधायक स्वीकार म्हणजे प्रत्येक टीकेपुढे मान तुकवणे नव्हे. व्यक्तीवरील टीका सोसावी, पद्धतीवरील टीका तपासून मार्ग बदलावा आणि ध्येयावरील आक्षेपांचे उत्तर दीर्घ कामातून द्यावे, असा क्रम कर्वे यांच्या जीवनातून हाती लागतो. त्याचबरोबर टीकेला मान देताना केलेल्या तडजोडीची किंमत नेमकी कोण मोजतो, हा प्रश्नही स्वतःस विचारला पाहिजे. बाहेरच्यांचा गलबला पुष्कळदा इतका मोठा असतो की घरातील हळू आवाज ऐकू येत नाही. आणि ध्येयवादी माणसाने सर्वांआधी ऐकण्याजोगा आवाज बहुधा तोच असतो.