इशारा न देताच बंद पडणारा लॅपटॉप

लॅपटॉपची उरलेली बॅटरी हा मुळात एक अंदाज असतो. बॅटरीतली चिप आत-बाहेर गेलेला विद्युतभार मोजते आणि टक्केवारी विंडोज किंवा लिनक्सला कळवते. ठरलेला टप्पा आला की प्रणाली लॅपटॉप हायबरनेट करते. लिनक्समध्ये यूपॉवर ही सेवा सहसा २ टक्क्यांवर ही कृती करते. बॅटरी जुनी झाली की हाच अंदाज फसतो. पडद्यावर १५ टक्के दिसत असतानाच व्होल्टेज कोसळते, टप्पा येतच नाही आणि न जतन केलेले काम जाते. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर झिजते, म्हणून उन्हाळ्यात चाळिशी गाठणाऱ्या धाराशिवमध्ये याकडे लक्ष हवेच. सोपा उपाय म्हणजे विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘क्रिटिकल’ पातळी २० टक्क्यांपर्यंत वाढवून कृती ‘हायबरनेट’ ठेवणे. लिनक्समध्ये तोच आकडा यूपॉवरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदलता येतो.