किलोमागे

सकाळचे साडेअकरा. टंच काढायच्या दुकानापुढं बाकडं भरलेलं आहे. ज्यांना जागा मिळाली नाही ते भिंतीच्या सावलीला सरकून उभे आहेत. सावली वीतभर. एप्रिलचं ऊन पायांच्या बोटांवर येतं, तशी बोटं मागं घेतली जातात. प्रत्येकाच्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा. समोरच्या गाड्यावर चहा प्यायला जातानाही डबा खाली ठेवत नाहीत, काखेत धरतात. आत चांदीची लगड आहे.

हे हुपरी. कोल्हापूर जिल्हा, हातकणंगले तालुका. एका बाजूला उसाची शिवारं, दुसऱ्या बाजूला कर्नाटकची हद्द. आसपास कुठंही चांदीची खाण नाही. तरी इथल्या कुठल्याही गल्लीत शिरलं की लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक, एकसुरी आवाज येतो. पायातली पैंजणं इथं पिढ्यान् पिढ्या घडतात आणि देशभर जातात.

दुकानाच्या आत एक पोरगा यंत्रापुढं बसला आहे. लगडीचा कोपरा घासून तो काचेखाली ठेवतो, झाकण लावतो. मिनिटभरात पडद्यावर आकडा. तो मोठ्यानं वाचत नाही, चिठ्ठीवर लिहून उलटी करून देतो. दुसऱ्याचा टंच दुसऱ्याला कळू नये, एवढी रीत अजून पाळली जाते. टंच सत्तर म्हणजे शंभरात सत्तर भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. निव्वळ चांदी मऊ. पैंजण चार दिवसांत वाकेल. भेसळ हा शब्द इथं कुणी वापरत नाही. ‘मिलावट’ म्हणतात, आणि ती किती आहे ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

‘‘भाव काय म्हंतोय?’’ रांगेतला एक जण विचारतो.

‘‘सकाळी खाली व्हता. आता कोण सांगावं.’’

चौघं एकाच वेळी मोबाइल काढतात.

पुढच्या बोळात आटणीची भट्टी. दारातच झळ लागते. आत पंखा नाही, खिडकी एकच, तीही धुरानं काळी. ब्लोअरचा घरघराट इतका की दोघं बोलतात ते हातवाऱ्यांनी. निखाऱ्यांत मूस बसवलेली. चांदी वितळते 961 अंशांना. भट्टीवरचा माणूस मात्र आकडा बघत नाही, रंग बघतो. कळकट तुकडे आधी लाल होतात, मग खचतात. चिमूटभर टाकणखार पडतो आणि मळ वर येतो. तो बाजूला सारला की खाली एकदम आरसा दिसतो. माणूस डोक्याचा पंचा पिळतो, पुन्हा बांधतो, चिमट्यानं मूस उचलून ओततो. सगळं मिळून चार-पाच सेकंद. तेवढ्यात कुणी हाक मारली तर तो ओ देत नाही.

शेजारी मोडीचा ढीग आहे. तुटके वाळे, चेपलेली निरांजनं, एक करंडा, कुणाच्या तरी बारशाचा पेला. त्यातून मालक दोन नाणी वेचून बाजूला ठेवतो. ‘‘ही आटवायची न्हाईत. नाणं म्हणून दोन पैसं जास्त येत्यात.’’ मी एक उचलून बघतो. पंचम जॉर्जचा चेहरा झिजलेला, मागचं साल मात्र स्पष्ट आहे. 1918.

साल वाचून नाणं जरा जास्त वेळ हातात राहतं. रुपया वजनाला 11.66 ग्रॅम, त्यात साडेदहा ग्रॅमांच्या वर निव्वळ चांदी. पहिलं महायुद्ध चालू असताना ब्रिटननं हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड उचललं. मोबदला रुपयांत. लोक कागदी नोटा घेऊन खिडकीवर येत आणि त्याबदल्यात खणखणीत चांदीचे रुपये मागत. तिजोरी रिती व्हायची वेळ आली. तेव्हा ब्रिटननं अमेरिकेकडे हात पसरला. अमेरिकेनं एप्रिल 1918 मध्ये खास कायदा केला, आपल्या तिजोरीतले चांदीचे सुमारे 27 कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी औंसाला 1 डॉलर दरानं हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. ती आगबोटींनी आली आणि इथल्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. या नाण्यातली चांदी त्यातलीच असेल असं नाही. नसेलच असंही नाही.

सोळा-सतरा वर्षांनी अमेरिकेनं उलट खेळ केला. आपल्या खाणवाल्यांसाठी 1934 मध्ये चढ्या दरानं चांदी विकत घ्यायचा कायदा केला. चीनचं चलन तेव्हा चांदीवर उभं होतं. तिथली चांदी बाहेर धावली, आत पैशाचा दुष्काळ पडला आणि नोव्हेंबर 1935 मध्ये चीननं चांदी सोडून कागद धरला. चीनला त्रास द्यावा असं तो कायदा करणाऱ्यांच्या मनात होतं, असं म्हणता येत नाही.

‘‘द्या हिकडं,’’ मालक म्हणतो. नाणं पाकिटात जातं.

दुपारी दोन. गल्लीत माणूस नाही, कुत्रीही गटारीच्या कडेला सावली धरून आहेत. घरांची दारं मात्र उघडी. एका दारातून आत वाकतो. ‘‘या की,’’ म्हणून बाई पाट सरकवतात. जमिनीवर लाकडी फळी, फळीवर पैंजणांच्या साखळ्या, वाटीत घुंगरू. मोहरीपेक्षा थोडे मोठे, चिमट्यानंच उचलावे लागतात. सून एकेक घुंगरू कडीत अडकवते, सासू ज्योतीनं डाग देते. बाहेर रणरणतं ऊन, आत ज्योत, आणि डोक्यावरचा पंखा बंद. चालू केला तर ज्योत हलते, घुंगरू उडतात. कपाळावरचा घाम त्या मनगटानं पुसतात, बोटं फळीपासून हलत नाहीत.

पोरगी शाळेचं दप्तर टाकते आणि न सांगता वाटी जवळ ओढते.

खाली अंथरलेलं पोतं दर संध्याकाळी झटकलं जातं. ती धूळ डब्यात. हात धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं, खाली गाळ बसू द्यायचा. तो गाळ, ती धूळ आणि केरसुणीखालचा केरसुद्धा झारेकरी विकत नेतो. तो धुऊन, गाळून, आटवून त्यातली चांदी काढतो. किती निघते ते तो सांगत नाही. पण केराला दर आहे, आणि चांदी चढली की केरही चढतो.

मजुरी चढते का? सासूबाई हसतात. डाग देता देताच बोलतात, मान वर न करता. ‘‘चांदी चढली तर चांदीवाल्याची. आमास्नी किलोमागं मजुरी. किलोचं किलोच न्हवं?’’

चारच्या सुमाराला मी बाजारातल्या एका गादीवर येऊन बसतो. खरोखरीची गादी, पांढरी चादर, तक्के. कोपऱ्यात तिजोरी, भिंतीवर अंबाबाई, तिच्या खाली टीव्हीचा पडदा. त्यावर तीन आकडे हलत असतात. डॉलरमधली चांदी, रुपयातला डॉलर, आणि मुंबईच्या वायदेबाजारातला किलोचा दर. तिन्हींचे शेवटचे अंक डोळ्यासमोर बदलत राहतात. आत एसी आहे, म्हणून काम नसलेलेही दोन-चार जण टेकलेत.

गादीवर धडीवाले येतात. धडीवाला म्हणजे पेढीकडून चांदी घ्यायची, घराघरांतून माल करून घ्यायचा आणि पोचता करायचा, असा मधला माणूस. त्याची उधारी रुपयांत नसते, चांदीत असते. दहा किलो फाईन, म्हणजे निव्वळ चांदी, नेली की दहा किलो फाईन देणं. इथंच गोम आहे. माल विकला जातो रुपयांत, पैसे येतात दीड-दोन महिन्यांनी. मधल्या काळात भाव चढला तर दहा किलोच्या पैशात आठच किलो येते. माल खपला, नफा वहीत दिसतो, आणि माणूस दोन किलोंनी बुडालेला असतो.

‘‘दोन सालांपासून असंच चाललंय,’’ साठीचे एक अण्णा पायाला तेल चोळल्यासारखा गुडघा चोळत म्हणतात. 2025 च्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी ते वर्ष सरता सरता दोन लाखांच्या वर गेली होती. अण्णा आयुष्यात एवढी उडी दोनदाच बघितल्याचं सांगतात. पहिली 1980 च्या जानेवारीत. टेक्सासच्या तेलवाल्या भावांनी जगातली चांदी कोंडून धरली, औंस पन्नास डॉलरांच्या आसपास गेला आणि मार्चअखेर अकराच्या खाली कोसळला. तेव्हा सट्टा होता, हे सगळ्यांना कळत होतं. आता काय आहे?

गादीवरचा तरुण मालक बोटं मोडत सांगतो. अमेरिका बाहेरच्या धातूवर आयातकर लावेल, या धास्तीनं 2025 च्या आरंभी लंडनची चांदी न्यूयॉर्कच्या गोदामांत जाऊन बसली. ऑक्टोबर उजाडेतो लंडनमध्ये उसनवारीला चांदी मिळेना. नेमकी त्याच महिन्यात आपली धनत्रयोदशी. भावानं 1980 चा विक्रम मोडला, तेव्हा मग विटा उलट्या दिशेनं विमानात चढल्या. लंडनच्या तळघरातली एक वीट साधारण 30 किलोंची. विमानानं चांदी न्यायची म्हणजे किती घाई, ते बघा. नोव्हेंबरात अमेरिकेनं आपल्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत चांदी घातली.

‘‘आणि सोलर,’’ दुसरा म्हणतो.

सोलर आहेच. जगात वर्षाला जेवढी चांदी लागते, तिचा ढोबळमानानं सहावा हिस्सा सौरपट्ट्यांत जातो, आणि पट्ट्या बनवण्याचं 80 टक्क्यांहून अधिक काम चीनमध्ये होतं. चांदीच्या स्वतंत्र खाणी थोड्या. बहुतेक चांदी जस्त, शिसं, तांबं काढताना जोडीला निघते. त्यामुळं भाव दुप्पट झाला म्हणून खाण दुप्पट होत नाही. वर सोन्याची ओढ. 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. ज्यांच्या तिजोऱ्या डॉलरांनी भरलेल्या होत्या त्यांनी ते बघितलं. त्यानंतर सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांच्या वर सोनं घेतलं. सोनं पळालं की चांदी मागून पळते, आणि पळताना जास्त ठेचकाळते.

सव्वाचार वाजतात. गप्पा विरळ होतात. लंडनचा चांदीचा दर तिथल्या दुपारी बाराला ठरतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडं साडेचार वाजलेले असतात. 1897 पासून ही रीत आहे. पूर्वी चार माणसं एका खोलीत बसून ठरवायची, आता यंत्रावर बोली लागते. इथं मात्र तीच वाट बघणं. एक धडीवाला चपला घालून दारात उभा, पण जात नाही. चहा येतो. कपबशीचा आवाज मोठा वाटतो.

लंडनमध्ये औंस एका डॉलरनं हलला की इथं किलोमागं किती? मालक गणकयंत्र न घेता करतो. किलोत 32 औंस आणि वर थोडं. डॉलर नव्वद रुपये धरला तर 2,900 च्या आसपास. त्यावर आयातकर, त्यावर जीएसटी 3 टक्के. हा आयातकर 2024 च्या जुलैमध्ये 15 वरून 6 टक्क्यांवर आला, त्या रात्री ज्यांच्या तिजोरीत जुनी चांदी होती त्यांना झोप नव्हती. त्या एका वर्षात देशात 7 हजार टनांहून जास्त चांदी बाहेरून आली.

आकडा येतो. कुणी काही बोलत नाही. दारातला माणूस चपला काढून परत आत येतो.

‘‘निम्म्या चांदीचा भाव आज करा. निम्मी राहू दे.’’

‘‘सहाला अमेरिकेचं आकडं हाईत. थांबताय का?’’

‘‘न्हाई. निम्मी करा.’’

वहीत दोन ओळी पडतात. तराजू काढला जातो, काचेच्या पेटीतला, वाऱ्यानं हलू नये म्हणून. एसी बंद करतात. चांदी मोजून होईपर्यंत सगळे घामाघूम.

सात वाजता मी त्याच गल्लीत आहे. ऊन उतरलं तरी फरशी अजून तापलेली. दारोदार पोती झटकली जातात. निम्म्या चांदीचा भाव केलेला धडीवाला दुपारच्याच घरात पाटावर बसलाय. पुढं नमुन्याचा जोड. सासूबाई तो तळहातावर घेऊन खालीवर करतात.

‘‘हलका हाय.’’

‘‘चाळीस ग्रॅम. साठचा जोड आता कोण घेतंय, काकी? गिऱ्हाईक पैसं बघतंय. पैशात बसवायचं म्हंजे वजन कमी.’’

‘‘आणि घुंगरू?’’

‘‘घुंगरू तेवढंच. दिसायला भरीव पायजे.’’

सून मान वर करते. दिवसभरात पहिल्यांदाच. साठ ग्रॅमचा जोड असला की किलोत सोळा जोड बसतात. चाळीसचा असला की पंचवीस. तिनं शाळा कुठं सोडली मला ठाऊक नाही, पण हा भागाकार ती त्याच्या आधी करते.

‘‘म्हंजे सोळा जोडांच्या पैशात पंचवीस जोडांची घुंगरं लावायची?’’

‘‘मी कुटं म्हटलं तसं, वैनी? दर त्योच हाय.’’

‘‘दर त्योच हाय म्हणूनच इचारलं. ह्या खेपंला नगावर द्या की मजुरी. जोडाला इतकं.’’

तो नमुना परत डब्यात ठेवतो, झाकण लावतो, पुन्हा उघडतो. ‘‘पेढीवाल्यास्नी इचारायला लागंल.’’

‘‘इचारा,’’ सासूबाई म्हणतात. ‘‘हितंच बसून लावा फोन.’’

तो खिशातून मोबाइल काढतो. पडद्यावर आधी भाव उघडतो, तो बघून घेतो, आणि मग नंबर लावतो.